विश्लेषण : वाढत्या फाइलमधील फक्त नवीन ओळी वाचायच्या कशा?

सर्व्हरची लॉग फाइल क्षणाक्षणाला वाढत असते आणि तिच्यावर नजर ठेवणाऱ्या प्रोग्रामला हवी असते फक्त शेवटची भर. ‘मागच्या वेळी कुठपर्यंत वाचले’ एवढे लक्षात ठेवले की काम झाले, असे वाटते. प्रत्यक्षात नोंदी सुटतात त्या वेगळ्याच ठिकाणी, आणि सुटल्याचा कुठलाही इशारा मिळत नाही.

लॉग फाइल वाचते कोण?

इंटरनेटला थेट जोडलेला लिनक्स सर्व्हर सुरू केला की थोड्याच वेळात त्याचा पासवर्ड ओळखण्याचे प्रयत्न सुरू होतात. कोणी माणूस समोर बसलेला नसतो; एकामागून एक आयपी पत्ते धुंडाळणारे स्वयंचलित प्रोग्राम हे काम करतात. प्रत्येक फसलेला प्रयत्न सर्व्हर एका साध्या मजकूर फाइलमध्ये एका ओळीत लिहून ठेवतो. किती वाजता, कोणत्या नावाने, कोणत्या पत्त्यावरून. उबुंटू किंवा डेबियनवर या फाइलचे नाव ‘ऑथ.लॉग’.

‘फेल टू बॅन’ नावाचा एक लोकप्रिय मुक्त प्रोग्राम ही फाइल सतत वाचत बसतो. त्याच्या मूळ सेटिंगनुसार एकाच पत्त्यावरून १० मिनिटांत ५ प्रयत्न फसले, तर तो पत्ता १० मिनिटांसाठी बंद केला जातो. म्हणजे संरक्षणाचा सगळा डोलारा ‘नवीन ओळ आली आणि ती वाचली गेली’ या एका गोष्टीवर उभा आहे. ओळ लिहिली गेली पण वाचली गेली नाही, तर हल्लेखोराला फुकटचा प्रयत्न मिळतो. हाच प्रकार पेमेंटच्या नोंदी वाचणाऱ्या, यंत्रांचे सेन्सर तपासणाऱ्या किंवा वेबसाइटवरील बिघाड टिपणाऱ्या प्रोग्रामबाबतही होतो.

लॉग फाइल समजून घ्यायला सोसायटीच्या गेटवरचे व्हिजिटर रजिस्टर डोळ्यांसमोर आणावे. वॉचमन एकाखाली एक नोंदी करत जातो. मागचे पान कोणी बदलत नाही, मध्ये कोणी ओळ घुसवत नाही. भर पडते ती शेवटीच. रात्री सेक्रेटरी रजिस्टर बघतात तेव्हा पहिल्या पानापासून वाचत नाहीत. काल जिथे पेनने टिक केली होती, तिथून पुढे वाचतात. प्रोग्रामनेही एवढेच करायचे असते.

दर वेळी पूर्ण फाइल वाचली तर बिघडते काय?

छोट्या फाइलमध्ये काहीच बिघडत नाही, आणि गोम इथेच आहे. प्रोग्राम लिहिताना चाचणीसाठी घेतलेली फाइल वीस ओळींची असते. ती शंभर वेळा वाचली तरी संगणकाला पत्ता लागत नाही. त्रास सुरू होतो तो महिन्याभराने, प्रत्यक्ष सर्व्हरवर.

हिशेब सोपा आहे. समजा, एका फाइलमध्ये दर मिनिटाला १ एमबी भर पडते आणि प्रोग्राम दर मिनिटाला फाइल पहिल्यापासून वाचतो. पहिल्या मिनिटाला १ एमबी वाचावे लागेल, दुसऱ्या मिनिटाला २, तिसऱ्याला ३. दिवसाची १,४४० मिनिटे धरली तर शेवटच्या मिनिटाला १,४४० एमबी. शाळेत शिकवलेल्या सूत्राने बेरीज केली (१,४४० गुणिले १,४४१, भागिले २), तर उत्तर येते १०,३७,५२० एमबी. जेमतेम दीड जीबी नवा मजकूर पाहण्यासाठी एक टेराबाइटहून अधिक वाचन. म्हणजे गरजेच्या सुमारे ७२० पट. फाइल दोन दिवस तशीच वाढू दिली, तर हे वाचन दुप्पट नव्हे, चौपट होते.

दुसऱ्या बाजूने पाहू. साधी एसएसडी सेकंदाला सुमारे ५०० एमबी वाचते असे धरले, तर १० जीबीची फाइल एकदा वाचायला २० सेकंद लागतात. दर ५ सेकंदांनी नवीन नोंदी तपासायच्या असतील तर गणितच जमत नाही. त्यातही अनेक जण संपूर्ण फाइल एकदम मेमरीत घेणारी आज्ञा वापरतात. मग १० जीबीच्या फाइलपुढे ८ जीबी रॅमचा सर्व्हर मान टाकतो.

याला आणखी एक, फारशी न दिसणारी किंमत आहे. ऑपरेटिंग सिस्टीम नुकताच वापरलेला मजकूर मोकळ्या रॅममध्ये सांभाळून ठेवते, ज्याला ‘पेज कॅशे’ म्हणतात. नुकत्याच लिहिलेल्या ओळी तिथेच असल्याने फक्त नवीन भाग वाचणाऱ्याला बहुतेक वेळा डिस्कपर्यंत जावेच लागत नाही. पण पूर्ण फाइल पुन्हापुन्हा वाचणारा प्रोग्राम या जागेत स्वतःचा जुना मजकूर भरत राहतो आणि तिथला डेटाबेसचा कामाचा मजकूर बाहेर ढकलला जातो. परिणामी, लॉग वाचणारी छोटीशी स्क्रिप्ट सुरू होते आणि वेबसाइट मंदावते. दोष मात्र डेटाबेसवर ढकलला जातो.

मग सरळ शेवटी उडी मारता येते का?

येते. आपल्याला फाइलमध्ये ओळी दिसतात, पण ऑपरेटिंग सिस्टीमच्या लेखी फाइल म्हणजे बाइटची लांबलचक रांग. या रांगेतील अमुक क्रमांकाच्या बाइटवर थेट जा, असे सांगणारी ‘सीक’ ही आज्ञा जवळपास प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेत असते. उडी १०० व्या बाइटवर मारायची की दहा अब्जाव्या, याने तिच्या वेळेत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. त्या बाइट क्रमांकाला म्हणतात ‘ऑफसेट’. सेक्रेटरींची टिक ती हीच.

म्हणून पद्धत अशी : आधी फाइलचा आकार विचारायचा. तो आपल्या ऑफसेटएवढाच असेल तर नवीन काही नाही, फाइल उघडायचीही गरज नाही. आकार मोठा असेल तर ऑफसेटवर उडी मारायची, तिथून शेवटपर्यंत वाचायचे आणि नवा ऑफसेट नोंदवून ठेवायचा. वरच्या उदाहरणात दिवसाचे वाचन एक टेराबाइटवरून थेट दीड जीबीवर येते.

इथे नवशिके हमखास एक चूक करतात. बाइटऐवजी ओळीचा क्रमांक लक्षात ठेवतात. ‘५० हजार ओळी वाचल्या, आता ५०,००१ वी द्या.’ पण प्रत्येक ओळ वेगळ्या लांबीची असते. पन्नास हजारावी ओळ कुठे संपते हे कळण्यासाठी आधीच्या सगळ्या ओळी मोजाव्याच लागतात, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून वाचन.

युनिक्स जगात हा प्रश्न जुनाच. १९७९ मध्ये आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतही ‘टेल’ ही आज्ञा होती. टेल म्हणजे शेपूट. फाइलच्या शेवटच्या काही ओळी दाखवणारी. आजची टेल मोठ्या फाइलच्या शेवटच्या दहा ओळी शोधताना सुरुवातीकडे फिरकतही नाही. ती शेवटून काही किलोबाइटचा तुकडा उचलते, त्यातील ओळसमाप्तीच्या खुणा मोजते, कमी पडल्या तर आणखी मागचा तुकडा घेते. (पायथनमध्ये ‘आता कितव्या बाइटवर आहोत’ हे सांगणाऱ्या आज्ञेचा उच्चारही टेलच. मराठीत लिहिताना दोन्ही सारख्याच दिसतात. एक शेपूट, दुसरी सांगणे.)

नवीन ओळ आली हे कळते कसे?

दोन मार्ग. पहिला म्हणजे ठरावीक वेळाने जाऊन बघणे, याला ‘पोलिंग’ म्हणतात. दुसरा, ऑपरेटिंग सिस्टीमलाच सांगून ठेवणे, की फाइलमध्ये बदल झाला की मला हाक मार. लिनक्समध्ये ही सोय ‘आयनोटिफाय’ या नावाने २००५ पासून आहे. मॅकओएस आणि बीएसडीमध्ये ‘केक्यू’, विंडोजमध्ये फोल्डरमधील बदल कळवणारी वेगळी सोय.

हाक मारणारी पद्धत चटकदार वाटते, पण तिच्यावर पूर्ण विसंबणे धोक्याचे. फाइल दुसऱ्या संगणकावर असून नेटवर्कवरून जोडलेली असेल, तर पलीकडच्या संगणकाने केलेला बदल आयनोटिफायला कळतच नाही. सूचनांच्या रांगेलाही मर्यादा असते. ती भरली की पुढच्या सूचना गळतात आणि ‘रांग ओसंडली’ एवढाच निरोप मिळतो. विंडोजवर वेगळीच गंमत आहे. फाइल उघडी ठेवून कोणी लिहीत असेल, तर फोल्डरच्या यादीत दिसणारा तिचा आकार बराच वेळ जुनाच राहू शकतो. खरा आकार हवा तर फाइल उघडून विचारावे लागते.

त्यामुळे अनुभवी डेव्हलपर सूचनेला फक्त दारावरची बेल मानतात. बेल वाजली तर लगेच बघायचे; नाही वाजली तरी अधूनमधून जाऊन बघायचेच. साधी, दर सेकंदाला आकार तपासणारी पद्धतही बहुतेक कामांना पुरते. फाइलचा आकार विचारणे इतके स्वस्त आहे की, एक-दोन फाइलसाठी आयनोटिफायचा घाट घालण्यात फारसा अर्थ नाही.

अर्धवट ओळ आणि तुटलेले अक्षर

वॉचमन नोंद करत असतानाच सेक्रेटरींनी रजिस्टर ओढून घेतले तर? ‘गाडी क्रमांक एमएच १२’ एवढेच लिहून झालेले असेल. फाइलमध्ये हे नेहमी घडते. लिहिणारा प्रोग्राम एक ओळ दोन तुकड्यांत लिहितो आणि वाचणारा नेमका मध्येच पोहोचतो. त्याला मिळालेला अर्धा भाग त्याने पूर्ण ओळ समजून पुढे पाठवला, तर पुढच्या फेरीत उरलेला अर्धा भाग वेगळी ओळ म्हणून येईल. दोन्ही अर्ध्यांचा अर्थ लागणार नाही. आयपी पत्ता एका तुकड्यात आणि ‘पासवर्ड चुकला’ दुसऱ्यात, असे झाले तर फेल टू बॅनसारख्या प्रोग्रामच्या लेखी काही घडलेलेच नसते.

यावरचा नियम एका वाक्याचा आहे : ऑफसेट नेहमी शेवटच्या पूर्ण झालेल्या ओळीच्या पुढे ठेवायचा, वाचलेल्या शेवटच्या बाइटच्या पुढे नाही. ओळसमाप्तीची खूण न दिसलेला शेवटचा तुकडा वाचलाच नाही असे समजायचे आणि पुढच्या फेरीत पुन्हा उचलायचा.

मराठी मजकूर असेल तर आणखी एक पेच पडतो. यूटीएफ-८ या आज सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक खुणेला ३. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशा ५ खुणा आहेत, म्हणजे १५ बाइट. फाइल ४,०९६ बाइटच्या तुकड्यांनी वाचण्याची पद्धत रूढ आहे आणि ४,०९६ ला ३ ने भागले की १ उरतो. तुकडा सलग देवनागरी मजकुराचा असेल, तर शेवटच्या खुणेचा एक बाइट इकडे आणि दोन तिकडे. तुकडा तसाच मजकुरात बदलायला गेले की प्रोग्राम एरर देतो किंवा अक्षराच्या जागी प्रश्नचिन्हाचा चौकोन उमटतो. इंग्रजी लॉगवर वर्षभर सुरळीत चाललेला प्रोग्राम पहिल्या मराठी नावाला अडखळतो, त्याचे हे एक नेहमीचे कारण.

सुदैवाने यूटीएफ-८ ची रचनाच अशी आहे की, ओळसमाप्तीचा बाइट (क्रमांक १०) दुसऱ्या कुठल्याही अक्षराच्या पोटात येत नाही. म्हणून फाइल मजकूर म्हणून न उघडता कच्च्या बाइटच्या स्वरूपात उघडावी, ओळसमाप्तीच्या बाइटवर तुकडे करावेत आणि पूर्ण ओळ हाती आल्यावरच तिचे अक्षरांत रूपांतर करावे. पायथनमध्ये तर मजकूर म्हणून उघडलेली फाइल ओळीमागून ओळ वाचत असताना मध्येच जागा विचारली, तर थेट एरर येते. भाषा बनवणाऱ्यांनीच तो रस्ता बंद केला आहे.

यूटीएफ-१६ मध्ये मात्र ही सुरक्षितता नाही. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेलच्या ५.१ आवृत्तीत एखाद्या आज्ञेचे उत्तर फाइलकडे वळवले की ती फाइल याच पद्धतीत लिहिली जाते. या पद्धतीत ‘ऊ’ हे अक्षर दोन बाइटचे आहे आणि त्या बाइटचे क्रमांक आहेत ९ व १०. म्हणजे ‘ऊस नोंदणी पूर्ण’ असा संदेश लॉगमध्ये आला, तर बाइट पाहून ओळी तोडणारा प्रोग्राम ‘ऊस’मधील ऊ अर्ध्यावर कापून तिथेच ओळ संपवेल. गुजराती आणि गुरुमुखीची अवस्था याहून वाईट. त्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षरात १० क्रमांकाचा बाइट असतो. अशा फाइलसाठी दोन-दोन बाइटच्या जोड्या करून वाचण्याला पर्याय नाही.

रजिस्टरच बदलले तर?

इथपर्यंतच्या अडचणी चाचणीत सापडतात. खऱ्या अर्थाने नोंदी हरवतात त्या पुढच्या टप्प्यावर. लॉग फाइल कायम वाढू दिली तर डिस्क भरेल. म्हणून रोज किंवा ठरावीक आकार झाला की जुनी फाइल बाजूला काढून नवी सुरू केली जाते. याला ‘लॉग रोटेशन’ म्हणतात आणि लिनक्सवर ते काम बहुधा ‘लॉगरोटेट’ हा प्रोग्राम करतो.

त्याची नेहमीची रीत म्हणजे जुन्या फाइलचे नाव बदलायचे आणि मूळ नावाची कोरी फाइल तयार करायची. आता सेक्रेटरींच्या हातातील टिक ‘पान ८०, ओळ १२’ अशी आहे आणि समोर नवे कोरे रजिस्टर. नवी फाइल ऑफसेटपेक्षा लहान असेल, तर प्रोग्रामला फाइल बदलल्याचे कळते. त्याने शून्यापासून सुरुवात करावी. पण वाचणारा प्रोग्राम तासभर बंद होता आणि तेवढ्यात नवी फाइल जुन्या ऑफसेटच्याही पुढे गेली असेल तर? तो निर्धास्तपणे मधूनच वाचायला लागेल. नव्या फाइलची सुरुवात कायमची सुटली. एरर नाही, इशारा नाही.

म्हणून केवळ आकारावर किंवा नावावर विसंबता येत नाही. फाइलची ओळख पटवावी लागते. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला ‘आयनोड’ क्रमांक असतो. नाव बदलले तरी तो तोच राहतो, त्यामुळे ऑफसेटसोबत आयनोडही नोंदवून ठेवायचा. आयनोड बदलला की समजायचे, रजिस्टर नवे. पण इथेही मेख आहे. जुनी फाइल पुसली गेली की तिचा आयनोड क्रमांक मोकळा होतो आणि एक्स्ट-४ सारखी फाइल सिस्टीम तोच क्रमांक नव्या फाइलला लगेच देऊ शकते. नव्या भाडेकरूला जुन्याचाच फ्लॅट क्रमांक, तसे. 

त्यावर उतारा म्हणून काही साधने फाइलच्या मजकुराचाच ठसा घेतात. फेल टू बॅन फाइलच्या पहिल्या ओळीचा ठसा जपून ठेवतो. ‘स्प्लंक’ हे व्यावसायिक उत्पादन मूळ सेटिंगनुसार पहिल्या २५६ बाइटवरून ओळख ठरवते. आता एखादी सीएसव्ही फाइल घ्या. तिच्या पहिल्या ओळीतील स्तंभांची नावेच २५६ बाइटहून लांब असतील, तर अशा सगळ्या फाइल स्प्लंकला एकसारख्या दिसतात आणि ‘ही तर वाचून झाली’ म्हणून नवी फाइल वगळली जाऊ शकते. त्यासाठी ही लांबी वाढवण्याची सोय द्यावी लागली आहे.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. नाव बदलले तरी लिहिणारा प्रोग्राम लगेच नव्या फाइलकडे वळत नाही. त्याने जुनी फाइल उघडून धरलेली असते आणि पुन्हा उघडण्याचा निरोप मिळेपर्यंत तो जुन्यातच लिहीत राहतो. वॉचमनच्या हातात अजून जुनेच रजिस्टर आहे. त्यामुळे वाचणाऱ्याने नवी फाइल दिसताक्षणी तिकडे धावू नये. जुनी शेवटपर्यंत संपवून, थोडी वाट पाहून मग पुढे जावे. लॉगरोटेटमध्ये जुनी फाइल झिप करण्याचे काम एक फेरी पुढे ढकलण्याचा पर्याय आहे, तो याच कारणासाठी. टेल आज्ञेतील ‘स्मॉल एफ’ आणि ‘कॅपिटल एफ’ यांतला फरकही इथलाच. स्मॉल एफ उघडलेल्या जुन्या फाइललाच चिकटून राहतो, कॅपिटल एफ त्या नावाची नवी फाइल आली का हे पाहत राहतो. रात्री स्मॉल एफ लावून ठेवलेला स्क्रीन सकाळी शांत दिसला, तर सर्व्हर ठीक आहे असा अर्थ काढता येत नाही.

जुनी फाइल फार काळ धरून ठेवणेही बरे नाही. लिनक्समध्ये कोणी उघडून ठेवलेली फाइल पुसली तरी डिस्कवरील जागा मोकळी होत नाही. फोल्डरमध्ये फाइल दिसत नाही आणि डिस्क तर भरलेली, हे कोडे पडते तेव्हा पुष्कळदा असा एखादा वाचक प्रोग्रामच कारणीभूत असतो.

रोटेशनची आणखी एक रीत आहे, ‘कॉपी-ट्रंकेट’. रजिस्टरची झेरॉक्स काढायची आणि मूळ रजिस्टर खोडून कोरे करायचे. लिहिणाऱ्या प्रोग्रामला फाइल पुन्हा उघडता येत नसेल तर ही सोय उपयोगी पडते. पण झेरॉक्स झाल्यावर आणि खोडण्याआधी जी ओळ लिहिली गेली, ती दोन्हीकडून जाते. लॉगरोटेटच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतच हा धोका नमूद आहे. शिवाय लिहिणाऱ्याने फाइल ‘शेवटी जोडा’ या पद्धतीने उघडलेली नसेल, तर खोडल्यानंतरही तो आपल्या जुन्याच जागेवरून लिहितो. मग फाइलच्या सुरुवातीला शून्य बाइटचे मोठे भगदाड आणि आकार पुन्हा जुन्याएवढा. आकार घटला का, एवढेच पाहणारा वाचक इथे साफ फसतो.

टिक आधी की वाचन आधी?

ऑफसेट मेमरीत ठेवून भागत नाही; प्रोग्राम बंद पडला, सर्व्हर रीस्टार्ट झाला तरी तो टिकला पाहिजे. म्हणून तो डिस्कवर लिहायचा. पण कधी? ओळीवरचे काम करण्याआधी लिहिला आणि मध्येच वीज गेली, तर त्या ओळी वाचल्याची नोंद आहे पण काम झालेले नाही. त्या गेल्या. काम करून मग लिहिला आणि मध्ये वीज गेली, तर त्याच ओळी पुन्हा वाचल्या जातील. यात तिसरा, बिनधोक पर्याय फुकट मिळत नाही.

बहुतेक ठिकाणी दुसरा क्रम पसंत केला जातो आणि तोच रास्त आहे. दोनदा आलेली ओळ पुढे ओळखून टाकून देता येते. न आलेली कुठून आणणार? त्यासाठी प्रत्येक ओळीला फाइलची ओळख आणि ऑफसेट मिळून एक क्रमांक द्यायचा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर दुर्लक्ष करायचे. पत्ता बंद करण्यासारख्या कामात तर तेच काम दोनदा झाले तरी नुकसान नाही. ग्राहकाला एसएमएस पाठवायचा किंवा खात्यात पैसे जमा करायचे असतील, तर हा क्रमांक तपासल्याशिवाय पुढे जाणे महागात पडेल.

ऑफसेटची नोंद ठेवणारी फाइलही लिहिता लिहिता अर्धी राहू शकते. त्यामुळे आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून ती डिस्कवर पक्की करायची आणि मग तिचे नाव बदलून जुन्या नोंदीच्या जागी ठेवायची. नाव बदलण्याची क्रिया एक तर पूर्ण होते किंवा होतच नाही. अर्धी राहत नाही.

हे सगळे स्वतः लिहावे लागते का?

मोठ्या कामासाठी नाही. ‘फाइलबीट’, ‘फ्लुएंट बिट’, ‘व्हेक्टर’ अशी साधने ऑफसेट, आयनोड, रोटेशन हे सगळे सांभाळतात. ‘काफ्का’सारख्या यंत्रणेत तर फाइलऐवजी नोंदींची रांगच असते आणि प्रत्येक वाचकाने कुठवर वाचले याचा ऑफसेट तीच सांभाळते. तरीही सेटिंग करणाऱ्याला आत काय चालते हे माहीत असावे लागते. कॉपी-ट्रंकेट सुरू असलेल्या सर्व्हरवर उत्तमातले उत्तम साधन बसवले, तरी झेरॉक्स आणि खोडणे यांच्या मधल्या फटीत पडलेली ओळ त्याला दिसणार नाही.

भारतातील कंपन्यांसाठी हा विषय केवळ तांत्रिक नीटनेटकेपणाचा राहिलेला नाही. सायबर सुरक्षेची राष्ट्रीय यंत्रणा असलेल्या ‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार संगणकीय यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. १८० दिवसांचे लॉग एकाच फाइलमध्ये ठेवणे व्यवहार्य नाही, म्हणजे रोटेशन आलेच. आणि घटना ‘लक्षात येणे’ हे पुष्कळदा याच फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामच्या हाती असते. फाइल जपून ठेवल्या, पण रोटेशनच्या मिनिटातील ओळी इशारा देणाऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचल्याच नाहीत, तर चौकशीच्या वेळी त्या जुन्या फाइलमध्ये सापडतील. वेळेवर मात्र कोणाला कळणार नाही.

वाचणारा प्रोग्राम घरचा असो वा विकतचा, तो पारखण्याची एक सोपी चाचणी कोणालाही करता येते. १ ते १,००,००० असे आकडे एकेका ओळीत लिहिणारी छोटी स्क्रिप्ट सुरू करायची. ती चालू असताना दोन-तीनदा हाताने रोटेशन करायचे, एकदा नाव बदलून आणि एकदा कॉपी-ट्रंकेटने. मध्येच वाचणारा प्रोग्राम जबरदस्तीने बंद करून पुन्हा सुरू करायचा. शेवटी त्याच्याकडे जमा झालेले आकडे क्रमाने लावायचे. एखादा आकडा दोनदा दिसला तर पुढे तो गाळण्याची सोय करता येईल. आकडा गायब असेल, तर तो कोणत्या रोटेशनच्या वेळचा आहे हे त्या आकड्यावरूनच कळते.